आंधळ्या गाढवाचं कडवं

मे महिना देवमातेचा. आमच्या पेद्रा मान्सा गावात मे लागला की रोज संध्याकाळी दोना ओतासिलियाच्या ओसरीवर जपमाळ होते. आमच्याकडे बाईला मानानं दोना म्हणतात, पुरुषाला सेऊ. बायका आपापल्या घरून स्टुलं घेऊन येतात. ओतासिलिया पुढे बसून सांगते आणि बाकीच्या मागून म्हणतात. तिचा आवाज इतका बारीक, की मागच्यांना नुसते ओठ हललेले दिसतात. पण कुणी चुकत नाही, कारण ती चुकत नाही.

तिची दुसरी ओळख म्हणजे तिच्या चोपड्या. शनिवारच्या बाजारात दोन खांबांना दोरी बांधून, कपडे वाळत घालावेत तशा पद्याच्या चोपड्या टाकलेल्या असतात, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मोठ्यांसाठी दरोडेखोर, पळून गेलेल्या बायका, सैतानाशी लावलेल्या पैजा. मुलांसाठी ओतासिलिया. 'बोकडाची छत्री' तिचीच. पाऊस नसलेल्या मुलखातला बोकड हौसेनं छत्री घेतो आणि ती उघडायला मिळेल म्हणून आभाळाकडे बघत बघत म्हातारा होतो. आमच्यातला कुणीही, डॉक्टर होऊन रेसीफे शहरात गेलेला असो की तुरुंगात गेलेला, बोकड घडाघडा म्हणून दाखवतो. जूनमधल्या संत योहानाच्या सणाला छापखान्याचा मालक सेऊ ब्राऊल्यू दर वर्षी मुलांची एक नवी चोपडी काढतो. ती ओतासिलियाची असते. म्हणजे, असायची.

यंदा तिनं 'पोपटाचं लग्न मोडलं' लिहून नेऊन दिलं, तर ब्राऊल्यू शाईचे हात पुसत बसला. तो एरवी कधी हात पुसत नाही.

"बसा, दोना. कॉफी सांगू? बिनगोडाची, माहीत आहे मला."

"आधी सांगा काय ते."

"यंदा मार्लूसीचं घेतोय. तुमचा पोपट पुढच्या वर्षी. पोपटाला काय घाई, पुष्कळ जगतो तो."

टेबलापाशी ताव घडी करत बसलेली क्रेउझा फिसकन हसली. ती ओतासिलियाच्या शेजारची, जपमाळेला पहिल्या स्टुलावर असते आणि तिच्या जिभेला विश्रांती फक्त तेवढ्यापुरतीच.

"बोकडाच्या छत्रीला भोकं पडली म्हणायची, ओतासिलिया!"

"पडू देत. पाऊस कुठाय?" ओतासिलिया म्हणाली. हसून म्हणाली. पण रस्त्यानं घरी येताना तिला कुणी हाक मारली ते ऐकू आलं नाही.

मार्लूसी तिची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हिनंच हातांवर धरलं होतं. कडेवरची असताना पोर तापानं फणफणली, आकडी आली, डोळे पांढरे झाले. वैदूनं मान हलवली. तेव्हा ओतासिलिया देवमातेपुढे नवस बोलली, की ही वाचली तर मी जन्मभर कॉफीत गोड घालणार नाही. आमच्याकडे कॉफी गुळाच्या पाकातच उकळते, आणि गोडाशिवाय कॉफी म्हणजे काय, हे जो प्यायला त्यालाच ठाऊक. पोर वाचली. तेव्हापासून रोज सकाळी पहिला कडू घोट घेताना ओतासिलिया मनात म्हणते, 'मार्लूसीसाठी.'

पुढे हीच पोर तिच्या टेबलापाशी बसून बोटं आपटत ओळी मोजायला शिकली. आता प्राथमिक शाळेत शिकवते. आणि अजूनही दारात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "आशीर्वाद द्या, मद्रिन्या." धर्माच्या आईला आमच्याकडे मद्रिन्या म्हणतात. मागितलेला आशीर्वाद लगेच द्यायचा असतो. तोंडात घास असला तर गिळून द्यायचा.

ब्राऊल्यूनं वर आणखी एक काम सांगितलं होतं. "एकदा डोळ्यांखालून घाला, दोना. एका तावाची आठ पानं होतात, नववं पान नसतं, हे तुम्हाला काय सांगायचं. पोरीचं एक कडवं जास्त होतंय. दुसरा ताव मला झेपणार नाही. कुठलं तरी एक काढा. मी काढलं तर रुसेल, तुम्ही काढलं तर हात चुंबेल. आणि मागच्या कव्हरवर तुमचाच चेहरा राहू देतो, काळजी नको. आया तो बघूनच घेतात."

मुलांच्या प्रत्येक चोपडीच्या पाठीवर लाकडी ठशानं छापलेला ओतासिलियाचा चेहरा असतो. डोक्यावर ओढणी, खाली ओळ, 'मुलांची लाडकी दोना ओतासिलिया'.

घरी येऊन तिनं चष्मा लावला. गोष्ट एका विहिरीची होती. विहिरीला स्वतःच्याच पोटातल्या अंधाराची भीती वाटते. ती काजव्याला बोलावते, तो दमतो. चंद्राला बोलावते, तो ढगात जातो. शेवटी बादली खाली येते आणि सांगते, की वरही रात्रच आहे, फक्त तिथं तारे आहेत. आणि ती आपल्या पाण्यात एक तारा घालून आणते.

ओतासिलियानं टेबलावर बोटं आपटत मोजायला सुरुवात केली. कुठेतरी एक तरी ओळ लंगडी निघेल. निघाली नाही. चंद्र विहिरीत बघून रुपेरी फणीनं केस विंचरतो, असं एक कडवं होतं. गोड होतं, पण गोष्टीत त्याचं काही काम नव्हतं. असली चंद्राची कडवी सगळेच लिहितात. तिनं स्वतःही लिहिली होती. काढायचं ते हेच. पेन्सिल तिथं टेकलीही.

मग पान उलटलं, आणि बादलीच्या आधी एक आंधळं गाढव पाणी प्यायला आलं.

गाढव म्हणालं, "विहीरबाई,
अंधाराला का भ्यालीस?
डोळे मिटून जन्मलो मी,
तरी मला तू मिळालीस.
ओल्या वासाची वाट धरून
आलो, तूच दिवा झालीस."

तिची बोटं थांबली.

तिनं चष्मा काढला, पदरासारखी खांद्यावर असलेली ओढणी घेऊन पुसला, पुन्हा लावला. कडवं तिथंच होतं. छातीत काहीतरी बारीक, तापलेलं टोचत गेलं. इतकी वर्षं ती याच मुलखात राहिली होती. इथली गाढवं तिनं पाहिली होती, विहिरी पाहिल्या होत्या, कोरड्या दिवसांत जनावरं दुरून पाण्याचा वास घेत येतात तेही पाहिलं होतं. सगळं तिच्याच डोळ्यांसमोर होतं आणि उचलून नेलं दुसऱ्यानं. बरं, चोरून नेलं असतं तर ओरडता तरी आलं असतं.

तिनं गाढवावर रेघ मारली. एकच, सरळ, पट्टी लावून.

गोष्ट कुठे अडली नाही. काजवा, चंद्र, फणी, बादली, तारा. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, की गाढव काय, आलं काय नि गेलं काय. तिनं स्वतःला तेच सांगितलं, आणि मग देवमातेसमोर मेणबत्ती लावायला गेली तेव्हा काडी तिच्या हातात विझली. दुसरी लागली.

सकाळी कॉफी ओतली. गुळाचा डबा पाहुण्यांसाठी फळीवर असतो. तो तिनं खाली काढला, झाकण उघडलं, एक खडा बोटांत धरला. 'कुणासाठी पितेस हे कडू?' असं मनात आलं. खडा पेल्यावर बराच वेळ राहिला. मग तिनं तो परत टाकला, पण त्या दिवशी 'मार्लूसीसाठी' म्हणाली नाही. नुसतीच प्यायली.

छापखान्यात कागद परत करायला गेली, तर मार्लूसी आधीच येऊन बसली होती. उठली, दोन्ही हात पुढे केले.

"आशीर्वाद द्या, मद्रिन्या."

ओतासिलिया पानं लावत राहिली. एक, दोन, तीन.

"अगं, पोरीनं आशीर्वाद मागितला," क्रेउझा म्हणाली.

"दिला की."

"मला नाही ऐकू आला."

"माझा आवाजच बारीक आहे."

क्रेउझानं भुवई वर केली आणि ताव घडी केला. मार्लूसीनं हात मागे घेतले. कागद उलटत गेली आणि रेघेपाशी थांबली. आता भांडेल, असं ओतासिलियाला वाटलं. भांडावं, असंही वाटलं. तिची उत्तरं तयार होती.

"गाढव?" मार्लूसी म्हणाली.

"गोष्ट त्याच्यावाचून चालते."

"हो. चालते." पोरीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. "गंमत बघा, मद्रिन्या. मला वाटत होतं, सगळ्यात तेच जमलंय. चंद्राचं मी नुसतं जागा भरायला घातलं होतं. म्हणजे मला अजून कळतच नाही, चांगलं कुठलं ते."

"शिकशील," ओतासिलिया म्हणाली.

"तुम्ही आहात म्हणून बरं," असं म्हणून मार्लूसीनं खरोखरच तिचा हात चुंबला. ब्राऊल्यू म्हणाला तसंच.

पुढल्या आठवड्यात पोरगी नवं काहीतरी लिहून घेऊन आली. शाळा सुटल्यावर, खडूनं पांढऱ्या झालेल्या हातांनी. "तुम्ही काय ठेवलं आणि काय काढलंत, त्यावरून शिकले. आता बघा."

ओतासिलियानं वाचलं. चंद्र होता. चंद्राची फणी होती, चंद्राचा आरसा होता, गुलाबाचे गाल होते, दवाचे मोती होते. ओळी मापात होत्या. आत जीव म्हणून नव्हता. साखरेच्या पाकात बुडवलेली माशी असते तशी होती ती गोष्ट, चकचकीत आणि मेलेली.

पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. का लपवा, बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

"कसं आहे?"

"मापात आहे."

"तुमच्यासारखं झालंय का थोडं?"

या प्रश्नानं मात्र ती सरळ झाली. पोरगी थट्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे लहानपणी बोटं आपटताना असायचं. बरोबर आलं का, मद्रिन्या?

"ठेवून जा," ओतासिलिया म्हणाली. "सवडीनं बघते."

त्या संध्याकाळी ओसरी भरली होती. जपमाळ झाली, आणि लितानी सुरू झाली. म्हणजे देवमातेचं एकेक नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी दर नावाला 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं. ओतासिलियाला ती झोपेतही येते. त्यामुळेच तोंड आपलं चालत राहतं आणि मन कुठेही हिंडून येतं.

"गूढ गुलाबा."

"आमच्यासाठी विनंती कर."

"दाविदाच्या मनोऱ्या."

"आमच्यासाठी विनंती कर."

"सोन्याच्या घरा."

"आमच्यासाठी विनंती कर."

"ओल्या वासाच्या वाटे."

"आमच्यासाठी विनंती कर," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

ओतासिलियाचे हात मण्यांवर गोठले. कुणाला काही कळलं नव्हतं. सगळ्या पुढच्या नावाची वाट बघत होत्या. तिनं कसंबसं "पहाटेच्या ताऱ्या" म्हटलं आणि लितानी शेवटाला नेली. आपण देवमातेच्या नावांत काय मिसळलं, या भीतीनं तिचे कान तापले होते. आणि त्याहून भीती याची वाटत होती, की ते तिथं शोभलं होतं.

बायका स्टुलं उचलू लागल्या. क्रेउझा मागे रेंगाळली. तिचे डोळे ओले होते. ते गावानं क्वचितच पाहिलंय.

"आज एक नाव नवीन होतं का गं? ओल्या वासाची वाट. माझी आई शेवटी आंधळी झाली होती, तुला माहीत आहे. हात भिंतीला लावत माठापाशी जायची. मला एकदम तीच दिसली. रेसीफेच्या पाद्रीनं पाठवलंय का ते?"

"नाही."

"मग कुणाचं?"

ओतासिलिया मेणबत्त्या विझवत होती. तिनं शेवटची विझवली.

"मार्लूसीचं," ती म्हणाली. "मी काढून टाकलं ते."

क्रेउझानं स्टूल खाली ठेवलं. आणि त्यावरच परत बसली.

सकाळी ओतासिलिया छापखान्यात गेली तेव्हा आतली पानं छापून वाळत होती. ब्राऊल्यूनं कपाळावर हात मारला. "दोना, आत आता टाचणी घालायला जागा नाही! कालच यायचं होतंत."

"कव्हर छापलं?"

"ते दुपारी."

"मागचा ठसा काढा."

"कुठला? तुमचा?"

"तिथं एक कडवं बरोबर बसेल. मी मोजलंय."

"आणि तुमचा चेहरा?"

"तो काय, बाजारात सगळे रोज बघतात," ओतासिलिया म्हणाली. तिनं ते सहज म्हटल्यासारखं म्हटलं. पण ब्राऊल्यूनं ठसा उचलून बाजूला, जुन्या मोडक्या ठशांच्या खोक्यावर ठेवला, तेव्हा तिनं तो तिथून उचलून ओढणीत गुंडाळून घेतला आणि घरी आणला.

मग ती शाळेत गेली. मार्लूसी मुलांना मधल्या सुट्टीत सोडून फळा पुसत होती.

"आशीर्वाद..."

"थांब. आधी ऐक. गाढवाचं कडवं काढायला नको होतं. चंद्राचं काढायचं होतं. तुला बरोबर कळत होतं."

मार्लूसी हसली. "म्हणजे तुमचीही चूक होते तर, मद्रिन्या."

"चूक नाही. मला तेव्हाही कळत होतं."

पोरीचं हसू हळूहळू उतरलं. फडकं हातात तसंच राहिलं.

"मग काढलंत का?"

"ते माझं नव्हतं म्हणून."

बाहेर मुलं ओरडत होती. मार्लूसी फळ्याकडे वळली. "मी चार रात्री बसून ते चंद्राचं लिहिलं," ती म्हणाली. "मला एक ओळ आवडली नाही त्यातली. म्हटलं, आपल्याला काय कळतंय. तुम्ही मला माझ्याच कानांवर भरवसा ठेवायला शिकवलं होतंत ना?" आणि मुलांना बोलवायला घंटा वाजवायला निघून गेली. अर्ध्यावर थांबलेला आशीर्वाद पुरा मागायचा राहून गेला, की मागितला नाही, हे विचारण्यासारखं नव्हतं.

शनिवारी बाजारात सेऊ नेको दोरीपाशी उभा राहिला. चोपड्या विकणारा तोच. गोष्ट मोठ्यानं म्हणायची, अगदी रंगात आली की थांबायचं, आणि ज्याला पुढचं हवं त्यानं दोरीवरून चोपडी उतरवायची, ही त्याची जुनी रीत. विहीर घाबरली, काजवा दमला, चंद्र ढगात गेला. नेको थांबला.

"आता गाढव येणार!" दोरीच्या पलीकडून मुलं ओरडली. तिकडच्या बाजूला चोपड्यांच्या पाठी होत्या.

"कसलं गाढव?" नेको गोंधळला. "गाढव नाही यात!"

"आहे! हे बघ. 'डोळे मिटून जन्मलो मी'..."

"अरे, कुणी छापलं हे मागे? सगळी गोष्टच फोडली की माझी!"

मुलं आत गाढव शोधू लागली. सापडेना. तेव्हा मार्लूसी पुढे झाली. तिनं एक चोपडी उघडून दाखवली. "बादली यायच्या आधी, इथं थांबायचं. चोपडी उलटी करायची, गाढवाला पाणी पाजायचं, आणि परत इथं यायचं."

मुलांनी एकदम चोपड्या उलटल्या. परत सुलटल्या. मग पुन्हा उलटल्या, कारण गाढवाला तहान फार. थोड्याच वेळात बाजारभर पोरं गाढवाला पाणी पाजत फिरत होती आणि दोरी रिकामी होत चालली होती.

ओतासिलिया मक्याच्या पिठाच्या गाडीमागून बघत होती. तिनं तिथं कडवं बसवलं ते जागा होती म्हणून. त्याचा खेळ त्या पोरीनं उभ्या उभ्या केला. हेही तिलाच सुचायचं होतं! आपला चेहरा तिथं असता तर मुलांनी कधी चोपडी उलटली असती का, असा एक विचार आला, आणि तो तिनं पुरा होऊ दिला नाही.

दोरी आवरल्यावर मार्लूसी तिच्याकडे आली. जरा अंतर ठेवूनच उभी राहिली. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"ते चंद्राचं फाडून टाका. हे नवीन आहे. एकच कडवं झालंय. वाचा, पण काढायचं काही नाही."

"आणि आशीर्वाद?"

"मागितला तर द्याल?"

"आधी माग."

"क्रेउझाबाईंना ऐकू येईल एवढ्यानं?"

"माग तरी, भवाने."

"द्या, मद्रिन्या."

"देव तुझं भलं करो," ओतासिलिया म्हणाली. पिठाच्या गाडीवाल्यानं मान वळवून बघितलं, एवढ्या मोठ्यानं.

घरी येऊन तिनं देवमातेसमोर मेणबत्ती लावली, कॉफी चुलीवर ठेवली. 'मार्लूसीसाठी,' म्हणून पहिला घोट घेतला. कडू होता. मग चष्मा लावून कागदाची घडी उलगडली, आणि दुसऱ्याच ओळीला ते बारीक, तापलेलं टोक जिथल्या तिथं येऊन टोचलं.

तिनं कागद टेबलावर सपाट केला आणि बोटं आपटायला सुरुवात केली. एखादी तरी लंगडी असेल. शेवटापर्यंत गेली. नव्हती.

कॉफी निवत होती. तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून मोजायला घेतलं.